वाचकांचे प्रश्न : मिनर्व्हा रीफवर लूर ओढताना

टोंगाहून न्यूझीलंडकडे निघालेल्या शिडाच्या होड्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात उत्तर मिनर्व्हा रीफवर नांगर टाकतात आणि पुढच्या सुमारे ८०० सागरी मैलांसाठी हवा जुळून येण्याची वाट बघतात. भर प्रशांत महासागरात, २३ अंश दक्षिण अक्षांशाच्या थोडं खाली, प्रवाळाचं हे जवळजवळ गोल कडं आहे. जमिनीचा तुकडाही नाही. ओहोटीला खडक उघडा पडतो, भरतीला नुसती फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ उरते. या महिन्याची बरीच पत्रं तिथल्या आणि तशाच दूरच्या रीफवरच्या लूरच्या मासेमारीबद्दल आहेत. लूर म्हणजे खोटं आमिष : रबरी झालरीचं माकूल, लाकडाचा किंवा प्लास्टिकचा मासा.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको ३८ फुटी होडीने टोंगाच्या राजधानीहून, नुकुआलोफाहून, निघणार आहोत. रॉड ठेवायला जागा नाही, हाताचे दोन दोर मागे सोडायचा विचार आहे. मालवणला लहानपणापासून गरवलंय, पण ते थांबलेल्या होडीतून. सामान काय घ्यावं आणि लूर नक्की कुठे ओढावी? (ऑकलंड)

उत्तर : दोन दोर पुरेत. एक २५ मीटरचा ठेवा, दुसरा ४० मीटरचा. सारख्या लांबीचे दोर होडी वळली की एकमेकांत गुंततात. दोर ४ ते ५ मिलिमीटर जाडीचा, विणलेल्या पॉलिएस्टरचा घ्या. त्याहून बारीक दोर ताकदीला पुरतो, पण भिजलेल्या हाताला कापतो. टोकाला १५० किलोचं बॉल-बेअरिंग स्विव्हल, म्हणजे पीळ न पडू देणारी फिरती कडी, आणि त्यापुढे लूरपर्यंत ४ मीटर नायलॉनचा लीडर, १०० ते १२० किलो ताकदीचा, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर जाड. एवढ्या जाड नायलॉनला गाठ नीट बसत नाही, म्हणून दुहेरी नळीचे क्रिंप, म्हणजे पक्कडीने दाबून बसवायच्या धातूच्या नळ्या, वापरा. दाबताना नळीची दोन्ही तोंडं दोन-दोन मिलिमीटर न दाबता सोडा, म्हणजे ती किंचित फाकलेली राहतात. तोंडापर्यंत चेपलेल्या नळीची कड नायलॉनला कापत राहते. मासा गेल्यावर रिकामा लीडर हातात येतो तो बहुतेक वेळा तिथेच तुटलेला असतो.

होडीकडचं टोक मागच्या क्लीटला, म्हणजे डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीला, बांधा. रेलिंगला किंवा सोलर पॅनेलच्या पाइपला अजिबात नको. क्लीटपासून १० ते १२ मिलिमीटर जाडीचा एक मीटर शॉक कॉर्ड दोराला समांतर बांधा आणि तेवढ्या भागात दोराला दोन मीटरचा ढिला झोल द्या. मासा लागला की आधी रबर ताणतं, झोल संपला की भार दोरावर जातो. हे रबर नसेल तर सहा नॉटच्या वेगात लागलेल्या माशाचा पहिला हिसका थेट त्याच्या जबड्यावर येतो आणि गळ मांस फाडून निघतो. ताणलेलं रबर हीच मासा लागल्याची खूण. पाळीवर असलेल्याची नजर दर दहा मिनिटांनी तिकडे जायला हवी, नाहीतर तासभर ओढलेला मेलेला मासा वर येतो, किंवा शार्कने उरवलेलं त्याचं डोकं.

लूर चार-पाचच घ्या, पण चांगल्या. जड डोक्याची १५ ते १८ सेंटिमीटरची दोन रबरी माकुलं, एक गुलाबी-पांढरं आणि एक काळं-जांभळं. एक सीडर प्लग : शिशाचं डोकं आणि लाकडी अंग, दिसायला काहीच नाही, पण कुप्याला तो फार आवडतो. आणि पाच ते नऊ मीटर खोल बुडणारे, पुढे जीभ असलेले दोन प्लास्टिकचे मासे. गळ ८/० चा, एकेरी. वाहू हा आपल्या सुरमईचाच नातलग आणि त्याचे दात कात्रीसारखे असतात, म्हणून एका दोराला लूरच्या पुढे ३०-४० सेंटिमीटर तार लावा. तारेवर कुपा कमी लागतो, म्हणून दुसऱ्या दोराला लावू नका.

आता जागा. खुल्या समुद्रात माकूल होडीच्या मागच्या तिसऱ्या-चौथ्या लाटेच्या उतारावर पडेल इतका दोर सोडा. ते पाण्याखालून चालावं, मधूनच वर येऊन श्वास घेतल्यासारखं फसफसावं आणि मागे बुडबुड्यांची शेपटी सोडावी. सारखं उड्या मारत असेल तर लीडरच्या वरच्या टोकाला ५० ते १०० ग्रॅम शिसं जोडा. वेग ५ ते ७ नॉट चालतो. जीभवाला मासा सातच्या वर बहुधा पाण्याबाहेर फेकला जातो.

रीफजवळ येताना फक्त वाऱ्याच्या आडोशाची बाजू धरा. आग्नेय व्यापारी वारा असेल तर उत्तर मिनर्व्हाची वायव्य बाजू, जिथे आत जायची वाट आहे, आडोशाला येते. तिथे इंजिन बंद पडलं तर होडी रीफपासून दूर वाहत जाते. वाऱ्यासमोरच्या बाजूला तीच होडी खडकावर जाते. पश्चिमेचा वारा सुटला की हिशेब उलटा होतो, अशा दिवशी कडेने लूर ओढणं सोडून द्या. फुटणाऱ्या लाटांपासून अर्धा मैल अंतर ठेवा, शिडं गुंडाळा, इंजिनवर चाला आणि एकाने फक्त पाणी बघावं, दोराला हात लावू नये. बाहेरचा उतार थोड्याच अंतरात शेकडो मीटर खोल जातो, त्यामुळे अर्धा मैल बाहेरही वाहू आणि कुपा मिळतात. उजेड उतरला की तिथे राहू नका. १९६२ साली ‘तुआइकाएपाऊ’ ही टोंगाची होडी रात्रीच्या वेळी दक्षिण मिनर्व्हावर आपटली आणि तिच्यावरची माणसं तीन महिने तिथल्याच एका फुटक्या जपानी मासेमारी जहाजात राहिली.

प्रश्न : जीभवाला प्लास्टिकचा मासा ओढला की एका कुशीवर झोपतो आणि दोराला पीळ पडतो. नवीन होता तेव्हा सरळ चालायचा. (रत्नागिरी)

उत्तर : पुढची दोर बांधायची कडी वाकली आहे. एखादा मासा तिरका खेचला गेला किंवा लूर डेकवर आपटली की असं होतं. ती होडीच्या बाजूला धरून पाण्यात चालवून बघा, कुठल्या बाजूला पळते ते लगेच दिसेल. उजवीकडे पळत असेल तर पक्कडीने कडी डावीकडे वाकवा, पण केसभरच. डोळ्याला फरक दिसला तर जास्त झालं. पुन्हा पाण्यात सोडा, पुन्हा बघा. तीन-चार वेळा करावं लागतं. कडी पिरगाळू मात्र नका, ती अंगातून सैल होते आणि आत पाणी शिरतं.

दुसरं कारण गळ. तीन आकड्यांचे (तिहेरी) गळ काढून एकेरी लावले असतील तर नव्यांचं वजन जुन्यांच्या जवळपास हवं. पोटाखालचा गळ हलका पडला की लूर डगमगते, जड झाला की तिचा थरकाप मरतो. दोन्ही गळ तोलून घ्या, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. आणि आधी गळावर शेवाळाची दोरी अडकली आहे का ते बघा. निम्म्या वेळा तेवढंच असतं.

प्रश्न : रबरी डिंगीतून रीफच्या तोंडाशी पॉपर (पाण्यावर आवाज करत चालणारी लूर) फेकून जायंट ट्रेव्हली हा मोठा मासा पकडायची इच्छा आहे. मित्राकडचा सुरमईचा रॉड चालेल का? (दुबई)

उत्तर : नाही चालणार. ट्रेव्हली लागली की पहिल्या दहा सेकंदांत प्रवाळाच्या कपारीकडे जाते. तिला तिथे पोहोचू द्यायचं नाही, हेच सगळं काम. त्यासाठी १४००० ते १८००० आकाराचं स्पिनिंग रील, ८० पौंडांची विणलेली दोरी किमान ३०० मीटर आणि पुढे दोन मीटर १३० पौंडांचा नायलॉन लीडर लागतो. दोरी-लीडर जोडायला एफजी गाठ, निदान वीस वेढ्यांची. ती घरी बसून बांधायला शिका, हलत्या डिंगीत पहिल्यांदा जमत नाही. रीलचा ब्रेक अंदाजाने लावू नका. दोरी स्प्रिंग-काट्याला बांधून खेचा आणि १० किलोला सुटेल असा लावा. त्याहून जास्त ब्रेक उभ्याने पेलत नाही, आणि रबरी डिंगीत उभं राहायचंच नाही.

हलकं सामान नेलं तर मासा दोर तोडून जातो, तोंडात १२० ग्रॅमचा लाकडी ठोकळा आणि दोन गळ घेऊन. तो नीट खाऊ शकत नाही. सामान जड हवं ते यासाठी, फुशारकीसाठी नव्हे.

पॉपर फेकल्यावर रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा आणि कंबरेतून एक लांब ओढ द्या, म्हणजे पॉपरच्या खळग्यात पाणी भरून ‘भुबूक’ असा जाड आवाज येईल. मग एक-दोन सेकंद थांबा. नुसतं शिंतोडं उडत असेल तर ओढ फार वर गेली आहे. मासा पाणी फोडून आला की हात आपोआप हिसका देतो, तो आवरा. वजन जाणवल्यावरच खेचा. निळ्या परांची लहान ब्लूफिन ट्रेव्हली मिळत असेल तर ६० ते ८० ग्रॅमची लूर लावा.

रीफच्या वाटेत बहुतेक वेळ पाणी बाहेरच धावत असतं, कारण वाऱ्याच्या बाजूने लाटा कड्यावरून आत सांडत राहतात आणि ते पाणी वाटेतूनच निघतं. इंजिन बंद पडलेली डिंगी त्या पाण्याबरोबर खुल्या समुद्रात जाते. म्हणून वल्ही, छोटा नांगर आणि ५० मीटर दोर, हातातला व्हीएचएफ रेडिओ, पिण्याचं पाणी आणि किल-कॉर्ड (ओढली की इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला. मोठ्या होडीवर कोणीतरी रेडिओ उघडा ठेवून बसलेलं असावं. एकट्याने जाऊ नये.

प्रत्येक गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. माशापेक्षा स्वतःसाठी. काटा सपाट असेल तर बोटात घुसलेला गळ आल्या वाटेने निघतो : गळाच्या वळणात जाड दोरा अडकवायचा, गळाचा दांडा कातडीकडे दाबून धरायचा आणि दोरा दांड्याला समांतर, एका झटक्यात मागे ओढायचा. काटा शाबूत असेल तर बऱ्याचदा कापावं लागतं, आणि तिथून दवाखाना कित्येक दिवसांच्या अंतरावर असतो. डोळ्याजवळ किंवा सांध्यात खोल गेला असेल तर ओढू नका, लूर कापून वेगळी करा, जखम बांधा आणि रेडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घ्या. गळ कापणारी मोठी पक्कड डिंगीत हवीच. तीन आकड्यांचा गळ रबराच्या फुग्यात घुसला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

ट्रेव्हली सोडून द्या, पाण्याबाहेर न काढता. हात ओला करून पोटाखाली धरा, जबड्याला लटकवू नका. वाहत्या पाण्याकडे तोंड करून धरली की कल्ले चालू लागतात आणि शेपटी स्वतःहून झटकते, मगच सोडा. करडे रीफ-शार्क जमा होऊ लागले आणि एक मासा त्यांनी नेला, तर जागा बदला. दुसराही नेला तर त्या दिवसाची मासेमारी तिथेच थांबवा. थकलेला मासा शार्कच्या तोंडात सोडणं म्हणजे सोडणं नव्हे.

प्रश्न : रीफवरच्या माशाने विषबाधा होते म्हणतात. मासा चांगला की वाईट हे ओळखण्यासाठी चांदीचं नाणं शिजताना टाकावं किंवा माशी बसते का बघावं, असं एकाने सांगितलं. यात तथ्य आहे? (पुणे)

उत्तर : काहीही तथ्य नाही. नाणं काळं पडत नाही, माशी बसते, मुंग्या खातात, आणि माणूस तरीही आजारी पडतो. बोटीवर करता येईल अशी कुठलीही भरवशाची चाचणी नाही. मासा ताजा, चवदार, वास नसलेला असतो.

या बाधेला सिग्वाटेरा म्हणतात. मेलेल्या प्रवाळावर वाढणाऱ्या शेवाळावर गॅम्बिअरडिस्कस नावाचा सूक्ष्म जीव राहतो. फ्रेंच पॉलिनेशियातल्या गॅम्बिए बेटांवरून त्याला हे नाव मिळालं. त्याचं विष शेवाळ खाणाऱ्या माशात, त्याला खाणाऱ्या माशात, असं चढत जातं आणि रीफवरच्या मोठ्या, म्हाताऱ्या शिकारी माशात साठतं. शिजवून, तळून, गोठवून, खारवून किंवा कोकम-चिंचेत मुरवून ते जात नाही. एका रीफवर असतं आणि पाच मैलांवरच्या रीफवर नसतं. एकाच रीफच्या एका टोकाला असतं, दुसऱ्याला नसतं. १७७४ साली कॅप्टन कुकच्या ‘रेझोल्यूशन’ जहाजावरचे लोक आज ज्याला वानुआतू म्हणतात तिथे मासा खाऊन असेच आजारी पडले होते. आपल्याकडे मंगळुरूतही तांबड्या स्नॅपरमुळे सिग्वाटेराची नोंद झाली आहे.

म्हणून नियम जातीवर आणि आकारावर ठेवा. रेड बास, म्हणजे तांबोशीच्याच कुळातला ल्युटजॅनस बोहार, कुठेही खाऊ नका. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात तो ठेवायलाच बंदी आहे. वाम, मोठा बॅराकुडा, मोठा हेकरू आणि मोठी ट्रेव्हली हेही नकोत. कपाळावर टेंगूळ असलेला नेपोलियन रास तर विषासाठीही नको आणि दुर्मीळ म्हणूनही नको. २००४ साली तो साइट्स या, धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरच्या, कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतला गेला. खायला घ्यायचे ते खुल्या पाण्यातले : कुपा, वाहू, माही-माही. ते रीफच्या या साखळीतून खात नाहीत. लूर रीफच्या आत न ओढता बाहेरच्या खोल पाण्यात ओढा, असं आम्ही पहिल्या उत्तरात सांगितलं त्याचं अर्धं कारण हेच आहे.

आणि एक आपल्या घरातली सवय. माशाचं डोकं आपल्याला प्रिय, त्याचं कालवण हा मान असतो. रीफवरच्या माशाच्या बाबतीत हे विष डोकं, काळीज (यकृत) आणि गाबोळी यांत मांसापेक्षा जास्त साठतं. वाहूचं डोकं खुशाल शिजवा. रीफवर राहणाऱ्या कुठल्याही माशाचं नको, लहानाचंसुद्धा.

लक्षणं बहुधा काही तासांत सुरू होतात : उलट्या, जुलाब, मग ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या, खाज, सांधेदुखी, अंगात जीव नसणं. थंड पाणी भाजल्यासारखं वाटणं ही याची ओळखीची खूण. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, ते धोक्याचं. उतारा नाही. तोंडाने क्षार-साखरेचं पाणी द्या, झोपवून ठेवा, उपग्रह फोनवर किंवा रेडिओवर डॉक्टरांना गाठा. मुंग्या आणि थकवा कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने राहतो. त्या काळात मासे, दारू आणि शेंगदाणे-काजू टाळा, त्यांनी लक्षणं परत उसळतात.

प्रश्न : दहा किलोचा कुपा मिळाला तर दोघांनी त्याचं काय करावं? फ्रीज छोटा आहे. (ऑकलंड, वरीलच)

उत्तर : मासा मिळाला की दोन्ही दोर आत घ्या. पुढचा तुमच्याच्याने संपणार नाही.

वर घेतल्याबरोबर कल्ल्यांत थोडी स्वस्त दारू ओता, तो तडफडायचा थांबतो आणि कॉकपिट रक्ताने माखत नाही. मग छातीच्या पराच्या मागे दोन बोटं सोडून दोन्ही बाजूंना दोन-अडीच सेंटिमीटर खोल काप द्या आणि समुद्राच्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं रक्त वाहू द्या. आतडी काढा, सावलीत न्या, ओलं फडकं घाला, लगेच थंड करा. कुप्याचं रक्त गरम असतं. उन्हात राहिला तर मांसात हिस्टामिन तयार होतं आणि तेही शिजवून जात नाही. खाताना जिभेला मिरीसारखं चुरचुरलं तर घास थुंका. चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, पित्त उठणं यावर अँटीहिस्टामिन गोळी जवळ ठेवा, श्वास लागला तर डॉक्टर.

दहा किलोतून सहा किलोच्या आसपास मांस निघतं. दोन दिवसांचं फ्रीजमध्ये ठेवा. बाकीचे एक सेंटिमीटर जाडीचे लांब तुकडे करा, चार भाग मासा-एक भाग मीठ असं चोळून रात्रभर फ्रीजमध्येच मुरवा, सकाळी धुऊन वाऱ्याला टांगा. संध्याकाळी आत घ्या, दव पडलं की बुरशी येते. नांगरावर असताना टाकाऊ भाग होडीजवळ फेकू नका. शार्क दुसऱ्या दिवशी त्याच जागी येतात, आणि तिथेच कोणीतरी पोहायला उतरलेलं असतं.

प्रश्न : परवानगी लागते का? (मस्कत)

उत्तर : रीफ निर्जन आहे म्हणून मालक नाही असं होत नाही. मिनर्व्हावर टोंगाने १९७२ पासून हक्क सांगितला आहे, तिथे थांबणार हे नुकुआलोफाला निघतानाच सांगा. कुक बेटांतलं सुवॉरो १९७८ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे रेंजरला विचारल्याशिवाय गळ पाण्यात नको. ग्रेट बॅरियर रीफवर नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात मासेमारी पूर्ण बंद असते आणि तिथून जाताना दोर-रॉड गुंडाळून आत ठेवावे लागतात. न्यूझीलंडला पोहोचल्यावर होडीवरचे सगळे खाद्यपदार्थ जाहीर करायचे असतात, सुकवलेला कुपासुद्धा.

प्रश्न : लक्षद्वीपला असं करता येईल का? (सावंतवाडी)

उत्तर : आधी प्रवेश परवाना, मग मासेमारीबद्दल तिथल्या प्रशासनाची लेखी परवानगी, या क्रमाने. गेलात तर मिनिकॉयची कुप्याची मासेमारी नक्की बघा. जिवंत लहान मासे पाण्यात फेकून कुप्याची झुंड जवळ आणतात आणि बांबूला बांधलेल्या, उलटा काटा नसलेल्या गळावर एकेक मासा उचलून डेकवर टाकतात. काटा नसल्याने मासा आपोआप सुटतो आणि गळ लगेच परत पाण्यात जातो. काटा दाबून टाकला तर मासे निसटतील अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी तर बघावंच.

प्रश्न : मासा लागल्यावर इंजिन चालू करून होडी थांबवली आणि दोर पंख्यात गेला. दोर कापून काढला. अजून काही बघायला हवं का? (चेन्नई)

उत्तर : हो, आणि लवकर. पुढच्या वेळी इंजिनला हात लावू नका : पुढचं शीड गुंडाळा, वेग दोन-तीन नॉटवर आणा, पण शून्यावर नको, कारण दोर ढिला पडला की बिनकाट्याचा गळ निसटतो. चामडी हातमोजे घाला, दोर हाताला न गुंडाळता ओंजळी बदलत ओढा आणि पायाशी न टाकता बादलीत सोडा.

तुमची होडी सेलड्राइव्हची, म्हणजे गिअरपेटीचा पाय तळातून सरळ खाली पाण्यात उतरलेली, असेल तर पंखा काढून त्यामागची जागा नीट तपासा. बाहेरचा दोर निघाला तरी नायलॉनचे एक-दोन वेढे पंखा आणि गिअरपेटीच्या मध्ये वितळून बसलेले असतात आणि दांड्याभोवतीचं तेलाचं सील कापत राहतात. वीस तास इंजिन चाललं की गिअरच्या तेलाची काडी बाहेर काढून बघा. तेल स्वच्छ असेल तर ठीक. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत समुद्राचं पाणी शिरलं आहे, होडी किनाऱ्यावर घेऊन सील बदलावं लागेल. तोपर्यंत तेल बदलत राहा आणि इंजिन बंदरात शिरण्यापुरतंच चालवा.